ओव्हरड्राइव्ह लागत नाही? गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी हे तपासा

पिकाचे पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरियाची गोणी उचलत नाही. नत्र कमी पडले आहे, मुळाशी पाणी साचले आहे, की चुनखडीमुळे जमिनीत असलेले लोह पिकाला मिळत नाही, हे आधी पाहतो. लक्षण एक आणि कारणे अनेक, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. मोटारीच्या बाबतीत मात्र हा अनुभव आपण बाजूला ठेवतो आणि कारागीर म्हणेल तो खर्च मान्य करतो.

शहापूर, मुरबाड, भिवंडी भागातील अनेक बागायतदारांच्या दारात आता ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलरशेजारी एखादी जुनी मोटारही उभी असते. शहरातील मंडळी गाडी बदलतात, तेव्हा जुन्या ऑटोमॅटिक गाड्या गावाकडे येतात. क्लच दाबावा लागत नाही, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांनाही त्या सोयीच्या वाटतात. परंतु अशा गाडीचा शेवटचा गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, लागेनासा झाला की 'गिअरबॉक्स गेला' असे सांगितले जाते.

प्रस्तुत लेखकाला याचा स्वतः अनुभव आला. वर्तकनगरहून शहापूरकडील प्रात्यक्षिक प्लॉटवर जाण्यासाठी घेतलेल्या जुन्या चार गिअरच्या गाडीला उन्हाळ्यात चौथा गिअर लागत असे. पावसाळा सुरू झाला आणि महामार्गावर ८० च्या वेगाला इंजिन ओरडू लागले. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करण्याचा सल्ला मिळाला. खर्च साठ हजारांच्या घरात सांगितला गेला. प्रत्यक्षात दोष गिअरबॉक्समध्ये नव्हताच. तो कोठे सापडला, हे पुढे ओघाने येईलच.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय?

खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फेरे घेते व चाकाकडे जाणारा शाफ्ट कमी फेरे घेतो. त्यामुळे ताकद मिळते. थेट गिअरमध्ये दोघांचे फेरे सारखे असतात. ओव्हरड्राइव्हमध्ये हे उलट होते. इंजिनाने साधारण ७० फेरे घेतले, तर शाफ्ट १०० फेरे घेतो. ताकद कमी मिळते, पण सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना ती फारशी लागतही नाही. इंजिन सावकाश फिरते, आवाज कमी होतो व इंधन वाचते.

कल्याण-डोंबिवलीकरांना याचे घरचे उदाहरण देता येईल. प्रीमिअर कंपनीच्या पद्मिनीला चार गिअर होते व चौथा गिअर थेट होता. पुढे १९९० च्या दशकात याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवलीतील कारखान्यात प्यूजो ३०९ ही गाडी तयार झाली. तिला पाचवा गिअर होता आणि तो ओव्हरड्राइव्हचे काम करीत असे. ही गाडी हाताने गिअर टाकण्याची होती. ऑटोमॅटिक गाडीत तेच काम गाडी स्वतः करते.

मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये आणला. त्याला ओव्हरड्राइव्ह नव्हता. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविण्याची निकड भासली आणि ऑटोमॅटिक गाड्यांतही हा वरचा गिअर सर्रास दिसू लागला.

हा लेख कोणत्या गाडीसाठी आहे?

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांसाठी ही माहिती आहे. अशा अनेक गाड्यांत गिअरच्या दांड्यावर 'ओ/डी' असे लिहिलेले छोटे बटण असते. काही गाड्यांत बटणाऐवजी दांड्यासाठी 'डी-४' व 'डी-३' अशा दोन जागा असतात. आपल्याकडे २०१४ पासून ज्या स्वस्त क्लचविरहित गाड्या आल्या, त्यांपैकी अनेकांत साधाच गिअरबॉक्स असून क्लच यंत्राने दाबला जातो. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटी गाड्याही वेगळ्या. त्यांना पुढील तपासणी लागू पडत नाही.

आतील रचना थोडक्यात

इंजिनाचा जोर टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलातून गिअरबॉक्सकडे जातो. आत ग्रहमालेसारखे दातेरी चक्रांचे संच असतात. त्यांपैकी कोणते चक्र धरायचे व कोणते सोडायचे हे तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा आणि पोलादी पट्टे ठरवितात. प्लेटा दाबल्या जातात त्या तेलाच्या दाबाने. तेल कोणत्या वाटेने सोडायचे हे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपा ठरवितात. सोलेनॉइडला हुकूम देतो गाडीचा कॉम्प्युटर. त्याला गाडीचा वेग, ॲक्सिलरेटरची स्थिती व इंजिनाचे तापमान कळविणारे सेन्सर असतात.

आपल्या ठिबक संचाशी याची तुलना करता येईल. पंप पाण्याला दाब देतो, व्हॉल्व्ह वाट देतो आणि वेळ ठरविणारे यंत्र व्हॉल्व्हला हुकूम देते. झाडाला पाणी मिळाले नाही, तर व्हॉल्व्ह उघडलाच नाही, की उघडला पण नळी फुटली, हे आधी पाहावे लागते. ओव्हरड्राइव्हच्या निदानाचे सारे मर्म याच प्रश्नात आहे: हुकूम सुटत नाही, की हुकूम सुटूनही गिअर धरत नाही? पहिल्या प्रकारातील दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बाहेर व कमी खर्चाचा असतो. दुसऱ्या प्रकारातील दोष आत असतो.

तपासणीचा क्रम

पुढील क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१) बटण व दिवा : कसारा घाटासारख्या चढावर गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सारखी अदलाबदल करते व तेल तापते. म्हणून घाटात बटण दाबून ओव्हरड्राइव्ह बंद करणे योग्यच असते. पण घाट संपल्यावर बटण परत दाबण्याचे राहून जाते. काही गाड्यांत हे बटण गाडी बंद केली तरी दाबलेलेच राहते. समोर 'ओ/डी ऑफ' दिवा स्थिर जळत असेल, तर ओव्हरड्राइव्ह मुद्दाम बंद केलेला आहे असे समजावे व बटण दाबून पाहावे. बटण दाबूनही दिवा बदलत नसेल, तर बटण किंवा दांड्यातील वायर पाहावी. दांडा सतत हलत असल्याने ही वायर तुटू शकते. अनेक गाड्यांत हाच दिवा लुकलुकू लागला, तर कॉम्प्युटरने दोष नोंदविला आहे असा अर्थ होतो.

२) इंजिनाची ऊब : इंजिन गार असताना अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर ओव्हरड्राइव्हला परवानगी देत नाही. सकाळी घरातून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर चौथा गिअर लागला नाही, तर तो दोष नव्हे. परंतु पंधरा-वीस मिनिटांनंतरही तापमानाची सुई खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट तपासावा. थर्मोस्टॅट ही इंजिन गार असताना रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणारी झडप आहे. ती उघडीच अडकली, तर इंजिन तापत नाही. आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून काही कारागीर थर्मोस्टॅट काढूनच टाकतात.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीत नेमके हेच झाले होते. वर्तकनगर ते माजिवडा या गर्दीत सुई वर येई. महामार्गावर पावसाळी गार वारा लागला की ती खाली पडे. इंजिन गारच आहे असे समजून कॉम्प्युटर चौथा गिअर रोखून धरी. उन्हाळ्यात हवाच गरम असल्याने गाडी कशीबशी तापत असे व गिअर लागत असे. घर उघडून पाहिले तेव्हा आत थर्मोस्टॅट नव्हताच. काही शे रुपयांचा नवा थर्मोस्टॅट बसविला आणि तेल, प्लेटा, सोलेनॉइड कशालाही हात न लावता गाडी पूर्ववत झाली. जमिनीत लोह असूनही पीक पिवळे राहते, त्यातलाच हा प्रकार होता. गिअर होता, पण मिळत नव्हता.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या घरी करता येते. तो काढून पातेल्यातील पाण्यात दोरीने टांगावा व पाणी तापवावे. सोबत दुधाचा थर्मामीटर ठेवावा. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला झडप उघडू लागते. नेमका आकडा बहुधा त्यावरच कोरलेला असतो. गार असतानाच झडपेत फट दिसत असेल, तर तो बदलावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

थर्मोस्टॅट चांगला असूनही कॉम्प्युटरला चुकीचे तापमान कळत असेल, तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर व त्याचा प्लग तपासावा.

३) गिअरबॉक्सचे तेल : तेल किती आहे व कसे आहे, दोन्ही पाहावे. गाडी सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. बहुतेक गाड्यांत तेल गरम असताना व इंजिन चालू ठेवून पट्टी पाहतात. काही कंपन्या इंजिन बंद करून लगेच पाहण्यास सांगतात. म्हणून गाडीचे पुस्तक पाहणे आवश्यक आहे. पट्टी नसलेल्या गाडीचे तेल जाणकाराकडूनच तपासावे. तेल पांढऱ्या कागदावर टिपून पुढीलप्रमाणे अनुमान काढावे.

अ) लालसर व स्वच्छ : तेल ठीक आहे. दोष दुसरीकडे शोधावा.

ब) तपकिरी, पण जळका वास नाही : तेल जुने झाले आहे. बदलावे.

क) काळपट व जळका वास : क्लच प्लेटा जळू लागल्या आहेत.

ड) दुधाळ गुलाबी : तेलात पाणी शिरले आहे. रेडिएटरमधील तेल गार करणारी नळी फुटली असावी किंवा गाडी पुरात बुडाली असावी. अशी गाडी चालवू नये. कल्याण, बदलापूर परिसराने २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ चे पूर पाहिले आहेत. त्यामुळे जुनी गाडी घेताना ही चौकशी अवश्य करावी.

बहुतेक ऑटोमॅटिक तेले लाल दिसतात, म्हणून ती सारखी नसतात. एका कंपनीच्या गाडीला 'एसपी-३' लागते, तर दुसरीला 'टी-४'. पुस्तकात सांगितलेलेच तेल वापरावे. इंजिन ऑइल किंवा साधे गिअर ऑइल चुकूनही घालू नये. खालचा बोल्ट काढल्यावर सर्व तेल बाहेर येत नाही. बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. म्हणून निघालेले तेल मोजावे व तेवढेच घालून नंतर पट्टीने खात्री करावी. तळाच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लगदा दिसणे स्वाभाविक आहे. धातूचे कण किंवा तुकडे दिसले, तर मात्र आतील झीज गंभीर समजावी.

४) वेग व ॲक्सिलरेटर : स्पीडोमीटरचा काटा मध्येच पडतो किंवा हलतच नाही काय, हे पाहावे. वेगाचा सेन्सर बिघडला, तर कॉम्प्युटरला गाडी किती वेगाने जाते हे कळत नाही व तो वरचा गिअर देत नाही. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल गेलेली असते. ती प्रमाणाबाहेर ताणलेली असेल, तर सर्वच गिअर उशिरा पडतात.

महामार्गावरील चाचणी

वरील बाबी ठीक असतील, तर गाडी चालवून पाहावी. वर्तकनगरहून कॅडबरी नाका, माजिवडा, खारेगावमार्गे नाशिक महामार्गाला लागावे. पडघ्याच्या पुढे पोहोचेपर्यंत इंजिन व गिअरबॉक्स पुरेसे तापलेले असतात. रस्ता मोकळा असावा. आकडे वाचण्यास सोबत दुसरी व्यक्ती असावी. चालकाने नजर रस्त्यावरच ठेवावी.

हलक्या पायाने वेग ८० पर्यंत न्यावा व स्थिर ठेवावा. आता ओव्हरड्राइव्हचे बटण दाबून तो बंद करावा.

• इंजिनाचे फेरे एकदम बरेच वाढले, उदाहरणार्थ मिनिटाला २,१०० वरून ३,००० च्या आसपास गेले, तर गाडी चौथ्या गिअरमध्येच होती. ओव्हरड्राइव्ह चालू आहे.

• फेरे मुळीच बदलले नाहीत, तर गाडी तिसऱ्यातच होती. चौथ्याचा हुकूम सुटत नसावा.

• चौथा पडण्याच्या वेळी इंजिन मोकळे सुटल्यासारखे ओरडते, फेरे चढतात, पण वेग वाढत नाही, तर हुकूम सुटतो आहे, परंतु प्लेटा किंवा पट्टा घसरतो आहे.

येथे एक गफलत नेहमी होते. चौथा गिअर पडल्यानंतर टॉर्क कन्व्हर्टर आतून जखडला जातो व फेरे आणखी दोन-तीनशेने कमी होतात. याला लॉक-अप म्हणतात. हा लागला नाही, तर चालकाला वाटते की ओव्हरड्राइव्हच गेला. फरक ओळखण्यासाठी मागे वाहन नसल्याची खात्री करून, वेग स्थिर असताना ब्रेकचा दिवा लागेल इतकाच पाय ब्रेकला लावावा. फेरे थोडे वाढले व पाय काढल्यावर परत उतरले, तर लॉक-अप ठीक आहे. काहीच बदल झाला नाही, तर लॉक-अप लागत नाही. मागचा ब्रेकचा दिवा सतत जळत राहतो काय, हेही पाहावे. ब्रेकचा स्विच अडकला असल्यास लॉक-अप लागत नाही, आणि हा स्विच स्वस्त असतो.

दुसऱ्या गिअरकडेही लक्ष द्यावे. अनेक चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये दुसरा व चौथा गिअर एकाच पट्ट्याने किंवा ब्रेकने धरले जातात. दुसरा गिअर खणखणीत पडत असेल, तर तो पट्टा जळालेला नाही असे मानण्यास आधार आहे. दोन्ही गिअर नसतील, तर संशय त्यावर घ्यावा. गाडी जागेवरूनच जड उठत असेल व एकाच गिअरमध्ये राहत असेल, तर कॉम्प्युटरने दोष ओळखून गाडी सुरक्षित अवस्थेत टाकली आहे असे समजावे.

वायर, सोलेनॉइड व दोषाचे क्रमांक

हुकूम सुटत नाही असे आढळले, तर विजेची तपासणी करावी. प्रथम बॅटरीची टोके व गिअरबॉक्सकडील अर्थची वायर साफ करून घट्ट करावी. धान्याच्या कोठाराजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, हे विसरू नये. त्यानंतर गिअरबॉक्सवरील प्लगमध्ये पाणी किंवा तेल शिरले आहे काय, हे पाहावे.

सोलेनॉइडचा विद्युत रोध मल्टिमीटरने मोजता येतो. विहिरीवरील मोटारीची वायर तपासणाऱ्या कोणासही हे काम जमेल. अनेक जपानी गाड्यांत गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचा रोध ११ ते १५ ओहम असतो. रोध शून्याजवळ आला तर आत शॉर्ट आहे, आणि मीटर काहीच दाखवीत नसेल तर तार तुटली आहे. बऱ्याच गाड्यांत सोलेनॉइड तळाचे भांडे उघडून बदलता येतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

स्कॅनर लावण्याची सोय असलेल्या गाडीचे दोषक्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. त्यापूर्वी बॅटरी काढू नये, कारण अनेक गाड्यांत नोंद पुसली जाते. 'पी ०७२०' हा बाहेरच्या शाफ्टच्या वेग-सेन्सरचा, 'पी ०७५३' व 'पी ०७५८' हे सोलेनॉइडच्या विजेचे, 'पी ०७४०' हा लॉक-अपचा आणि 'पी ०७३४' हा चौथ्या गिअरचे प्रमाण जुळत नसल्याचा क्रमांक आहे. क्रमांक म्हणजे निदान नव्हे, तो माती परीक्षणाच्या आकड्यासारखा असतो. शेत पाहूनच त्याचा अर्थ लावावा.

गिअरबॉक्स केव्हा उघडावा?

तेल जळके आहे, गिअर घसरतो आहे, तळाशी धातूचे कण आहेत आणि बाहेरील सर्व बाबी ठीक आहेत, असे एकत्र आढळले तरच गिअरबॉक्स उघडण्यास संमती द्यावी. घसरणारा गिअर घेऊन गाडी दामटू नये. ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून, वेग कमी ठेवून गाडी कारागिरापर्यंत न्यावी.

गाडी बंद पडल्यास ती ट्रॅक्टरला दोर बांधून तशीच ओढू नये. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही व आतील भाग कोरडे घासतात. ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो ती चाके उचलूनच गाडी न्यावी. ऑटोमॅटिक गाडी ढकलूनही सुरू होत नाही.

जुनी गाडी घेताना

इंजिन पूर्ण गार असताना गाडी पाहावयास जावे. किमान अर्धा तास, शक्यतो महामार्गावर चालवावी. सुई पाहावी, बटणाची चाचणी करावी व शेवटी तेलाची पट्टी कागदावर टिपावी. गल्लीतील एका फेरीत चौथा गिअर कधीच दिसत नाही, कारण तेवढा वेगच येत नाही.

सारांश

बटण, ऊब, तेल, वेगाचा सेन्सर, चाचणी, वायर आणि सर्वांत शेवटी गिअरबॉक्स हा क्रम ध्यानात ठेवावा. पहिल्या चार बाबींना फार हत्यारे लागत नाहीत, एक सकाळ पुरते. गॅरेजमध्ये जाताना काय पाहिले व काय आढळले हे कागदावर लिहून न्यावे. चांगल्या कारागिराला त्याची मदतच होते. आणि कोणी न तपासताच मोठा खर्च सांगितला, तर 'हुकूम सुटत नाही, की गिअर घसरतो?' एवढा एकच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळेपर्यंत गिअरबॉक्सचा एकही बोल्ट सैल करू देऊ नये.